पन्नाशीनंतरची काख : घासण्याआधी नीट बघा

प्रश्न : माझं वय ५३. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. मुलुंडहून फोर्टला रोज नोकरीला जाते. काखेतले केस जवळजवळ गेलेत, हनुवटीवर मात्र दोन-चार राठ केस येतात, ते सारखे उपटावे लागतात. काखा काळ्या पडल्यात, तिथली कातडी जाडसर लागते. लोकलमध्ये कडी धरायला हात वर करायचा तरी लाज वाटते. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे आणि ती म्हणते, आई, तू स्लीव्हलेस ब्लाउज शिव. लिंबू, खायचा सोडा, वजरी, सगळं करून झालं. पार्लरवाली लेझरचं पॅकेज घ्या म्हणते. घेऊ का? या वयात हे विचारणं बरं दिसतं का, तेही कळत नाही.

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. मी २७ वर्षं मुंबईत त्वचारोगाची ओपीडी करते आहे. काखेचा प्रश्न घेऊन थेट येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बायका फार थोड्या. बहुतेक जणी केस गळतात म्हणून येतात, टाचांच्या भेगा दाखवतात, औषधाची चिठ्ठी पर्समध्ये ठेवतात आणि दाराशी जाऊन परत वळतात. ‘मॅडम, अजून एक होतं.’ त्या ‘अजून एक’साठीच त्या आलेल्या असतात. कित्येकींना तिथे मधुमेहाची पहिली खूण सापडली आहे. एकीला गाठ सापडली. म्हणून हे विचारणं बरं दिसतं का, ही शंका मनातून काढून टाका. काख हा शरीराचा असा भाग आहे की तो दुसरं कुणी बघत नाही, आणि आपण स्वतःही आरशात फक्त तक्रार करण्यापुरता बघतो. तुम्ही निदान बघितलंत आणि बदल नीट टिपलात. ‘कातडी जाडसर लागते’ हे तुमचे शब्द मला बाकीच्या सगळ्या मजकुरापेक्षा महत्त्वाचे वाटले. त्याकडे येतेच, आधी केसांचं सांगते.

काखेतले केस विरळ होणं आणि हनुवटीवर राठ केस येणं, या दोन गोष्टी तुम्हाला उलट्यापालट्या वाटतात, पण दोन्ही संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बदलातूनच येतात. काखेतले केस लहानपणी नसतात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर ज्या अधिवृक्क ग्रंथी असतात, त्या वयात येताना पुरुषी गुणाची काही संप्रेरकं बनवू लागतात, आणि त्यांच्या थोड्याशा मात्रेवरच काखेतली लव जाड केसांत बदलते. हे प्रत्येक बाईत होतं. मात्र या ग्रंथींचं हे काम विशीत शिखरावर असतं आणि नंतर वर्षागणिक उतरत जातं. सत्तरी-पंच्याहत्तरीत ते तरुणपणाच्या एक पंचमांशाच्या आसपास येतं. त्यामुळे काखेतले केस आधी वाढायचे कमी होतात, मग पातळ होतात, मग काही बायकांत जवळजवळ नाहीसे होतात. तुमच्या आईच्या, सासूच्या काखेतही हेच झालं असणार, फक्त त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही.

हनुवटीचं गणित वेगळं आहे. पाळी थांबली की बीजकोशातलं इस्ट्रोजेन झपाट्याने खाली येतं. भारतीय बायकांत हे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं. पुरुषी संप्रेरकंही कमी होतात, पण तितक्या वेगाने नाही. शिवाय रक्तात ही संप्रेरकं बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं, तेही इस्ट्रोजेनबरोबर घटतं. म्हणजे उरलेल्या पुरुषी संप्रेरकांतला मोठा वाटा मोकळा राहतो, आणि त्यांना आवर घालणारं कुणी उरत नाही. चेहऱ्यावरच्या, विशेषतः हनुवटीच्या केसांची मुळं त्यांना फार संवेदनशील असतात, म्हणून तिथे राठ केस उगवतो. डोक्यावरचे केस मात्र त्याच कारणाने भांगात विरळ होतात. एकाच घरात एका खोलीत पाणी तुंबावं आणि दुसऱ्या खोलीत नळ कोरडा पडावा, तसं हे आहे.

बायकांच्या अंगावर पुरुषी पद्धतीचे केस किती आहेत हे मोजायला आम्ही एक तक्ता वापरतो. त्यात शरीराच्या नऊ जागा असतात : ओठाच्या वर, हनुवटी, छाती, पोट, पाठ वगैरे. काख त्या तक्त्यात नाहीच. काखेत केस असणं बाईच्या शरीराला इतकं साहजिक आहे की ते मोजण्याची गरज वैद्यकाला कधी वाटली नाही. केस ठेवायचे की काढायचे, हा सर्वस्वी आवडीचा भाग. आमच्या आज्या कोपरापर्यंत बाह्यांची चोळी घालून जात्यावर बसत, काखेची चर्चा त्यांच्या आयुष्यात नव्हती. काख तुळतुळीत हवी ही आजची कल्पना साधारण शंभर वर्षांची आहे. अमेरिकेत बिनबाह्यांचे कपडे आले आणि १९१५ साली जिलेटने खास बायकांसाठी रेझर बाजारात आणला, तिथून तिने जोर धरला. हे मी केस काढणाऱ्या बायकांना नावं ठेवायला सांगत नाही. अस्वच्छतेशी केसांचा संबंध जोडून ज्या स्वतःला दोष देतात, त्यांच्यासाठी सांगते.

केस जाणं केव्हा साहजिक नाही, हेही सांगायला हवं. कारण इथे मी स्वतः एक चूक जवळून पाहिली आहे. मी शिकत असताना ओपीडीत एक चाळिशीतली बाई आली होती, अंगाला कोरडेपणा आणि सतत थकवा म्हणून. तिला तेल लावायला सांगून घरी पाठवलं गेलं. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा आमच्या वरिष्ठ बाईंनी तिला हात वर करायला सांगितलं. काखेत एकही केस नव्हता, भुवयाही बाहेरच्या बाजूने गेलेल्या. ‘शेवटचं बाळंतपण कसं झालं होतं?’ एवढंच त्यांनी विचारलं. बारा वर्षांपूर्वी, गावी, प्रचंड रक्तस्राव झाला होता. अंगावर दूध आलं नव्हतं आणि पाळी पुन्हा कधी सुरूच झाली नव्हती. रक्त कमी पडल्याने मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी तेव्हाच मरगळली होती. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बारा वर्षं ती बाई थंडी वाजते, उठवत नाही, असं सांगत फिरत होती आणि घरचे तिला आळशी म्हणत होते. गोळ्या सुरू झाल्यावर ती महिनाभरात चालत ओपीडीत आली. तेव्हापासून मी थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईची काख बघते.

तेव्हा, पाळी नियमानुसार गेली आणि त्यानंतर पाच-दहा वर्षांत केस हळूहळू कमी झाले, तर ते वयाचं. पण चाळिशीच्या आत, थोड्या काळात, काखेतले आणि जांघेतले केस दोन्ही गेले, सोबत थकवा, चक्कर, वजन घटणं, थंडी सहन न होणं यातलं काही असेल, तर थायरॉइड, पीयूष आणि अधिवृक्क ग्रंथींची तपासणी करायलाच हवी. हनुवटीच्या बाबतीतही तसंच आहे. दोन-चार केस वर्षानुवर्षं येतात, ते वयाचे. दोन-तीन महिन्यांत हनुवटी, छाती, पोट सगळीकडे राठ केस उगवले, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस पुरुषांसारखे मागे सरकले, तर बीजकोशात किंवा अधिवृक्क ग्रंथीत संप्रेरक बनवणारी गाठ नाही ना, हे लगेच बघावं लागतं. हे क्वचित घडतं, पण घडतं. आणि एक हल्लीचं कारण : डोक्याचे केस गळतात म्हणून मिनॉक्सिडिल सुरू केलेल्या बायकांना गालावर आणि हनुवटीवर लव वाढलेली दिसते. तुम्ही ते लावत असाल किंवा त्याची गोळी घेत असाल, तर ते सांगा. औषध बंद केलं की ती लव काही महिन्यांत जाते.

आता काळेपणा. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं.

काख काळी पडते त्याला एक कारण नसतं, पाच-सहा असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. ‘काळं आहे, मग घासा’ हा एकच उपाय मात्र सगळ्यांना चुकीचा. आपली भारतीय कातडी कुठलाही त्रास झाला की जास्तीचा रंग बनवून उत्तर देते. डास चावला तरी डाग राहतो. काखेत तर घर्षण चोवीस तास चालू असतं. त्यात रेझर, वॅक्स, अत्तराचा डिओ, घट्ट ब्लाउज यांची भर पडली की कातडी थोडी थोडी सुजत राहते आणि प्रत्येक सूज ओसरताना काळेपणाचा एक थर ठेवून जाते. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे, खायचा सोडा अल्कली. कातडीचा स्वतःचा आम्लपणा (पीएच) साधारण ५ च्या आसपास असतो आणि तिचं संरक्षण त्यावरच अवलंबून असतं. एक दिवस लिंबू आणि दुसऱ्या दिवशी सोडा लावणं म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी भाजून काढणं. वजरी तर टाचांसाठी असते. काखेच्या पातळ कातडीवर ती फिरवून काळेपणा गेलेली एकही बाई मी पाहिलेली नाही, वाढलेल्या मात्र शेकडो पाहिल्या. ताई, हे तिन्ही आजपासून बंद करा. दुसरं काही न करता एवढंच केलंत तरी दीड-दोन महिन्यांत फरक जाणवेल.

काळेपणा नेमका कुठे आहे, हे उजेडात नीट बघा. काखेच्या घुमटात, म्हणजे अगदी मधोमध, जिथे डिओ फवारला जातो तिथेच काळं आणि खाजरं असेल, तर संशय डिओवर, विशेषतः त्यातल्या सुगंधावर. मधला भाग कोरा आणि कडेने मात्र चंद्रकोरीसारखा काळा पट्टा असेल, तर दोष ब्लाउजच्या रंगाचा किंवा कापडावरच्या खळीचा. ऐन घामाच्या दिवसांत गडद रंगाचा रेशमी ब्लाउज न धुता घातला की हे हमखास दिसतं. शिंप्याने मुंढा तंग कापला असेल तर आणखीच. ही एक साधी खूण बघून मी कित्येकदा तपासण्यांचा खर्च वाचवला आहे.

नाण्याएवढ्या आकाराचे दोन-चार तपकिरी-तांबूस डाग, वर बारीक कोंडा, खाज फारशी नाही, असं असेल तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो, एरिथ्राज्मा. दमट हवेत तो फार होतो आणि मधुमेही बायकांत जास्त. अंधाऱ्या खोलीत विशिष्ट जांभळ्या दिव्याखाली तो डाग पोवळ्यासारखा लालगुलाबी चमकतो. चार वर्षं काळेपणा म्हणून क्रीम लावणारी बाई दोन आठवड्यांच्या मलमाने बरी झालेली मी पाहिली आहे, निव्वळ तो दिवा लावला म्हणून. आणि कडेने वाढत जाणारी, खूप खाजणारी, मध्ये बरी होत जाणारी चकती असेल तर तो नायटा. पावसाळ्यात दोरीवर न वाळलेले ब्लाउज अंगावर चढवले की मुंबईत घरोघरी नायटा फिरतो.

नायट्यावरून एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. औषधाच्या दुकानातून ‘खाजेचं मलम’ म्हणून जी ट्यूब मिळते, तिच्यात बहुतेकदा तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, कातडी गोरी दिसते, म्हणून बाई ते लावतच राहते. १९६७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं होतं की एकच स्टिरॉइड कोपराखालच्या हाताच्या मानाने काखेतून साडेतीन पटींहून जास्त शोषलं जातं. कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते, लाल-जांभळे ओरखडे उमटतात, आणि ते ओरखडे कायमचे राहतात. नायटा मात्र आतून फोफावतो. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. तुमच्याकडे अशी ट्यूब असेल तर तिच्यावरची नावं वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सॉल’ असलेला घटक दिसला, उदाहरणार्थ बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल, तर ती काखेत लावायची नाही. फार दिवस लावत आला असाल तर एकदम बंदही करू नका, आधी दाखवा. कुठलंही नाव नसलेल्या डबीतलं ‘गोरं करणारं’ क्रीमही तितकंच वाईट. त्यात पारा असू शकतो, आणि पारा मूत्रपिंडं निकामी करतो.

आता तुमच्या ‘जाडसर’ शब्दाकडे येते. काळेपणासोबत कातडी मखमलीसारखी जाड झाली असेल, आडव्या सुरकुत्या खोल दिसत असतील, तर मानेच्या मागे बोट फिरवून बघा. तिथेही तसंच काळं, घासून न जाणारं काही आहे का? काखेत, मानेवर बारीक लोंबत्या चामखिळी आल्यात का? असतील तर हा मळ नाही आणि घर्षणही नाही. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की ते कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं, त्याने हे होतं. वैद्यकात त्याला ॲकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. साखर अजून रिपोर्टात वाढलेली नसते तेव्हाही ही खूण दिसते, कधी कधी काही वर्षं आधी. आपल्या घरांत आई-वडिलांना मधुमेह असतो, पाळी गेल्यावर पोटाचा घेर वाढतो, आणि आपण काखेला चंदनाचा लेप लावत बसतो. काखेत कळसा म्हणतात तो अक्षरशः हाच.

उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) या दोन तपासण्या करून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. १२६ किंवा ६.५ आणि त्यापुढे असेल तर मधुमेह. कमरेचा घेर मोजा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. सोबत थायरॉइड करा. या काळेपणावर सगळ्यात गुणकारी क्रीम म्हणजे वजन पाच-सात किलोंनी उतरणं, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. मला मुलुंडच्याच एक शिक्षिका आठवतात. त्या माझ्याकडे मान आणि काख दाखवायला आल्या, एचबीए१सी ६.३ निघालं. भात अर्ध्यावर आणला, जेवणानंतर रोज अर्धा तास चालल्या. वर्षाने आल्या तेव्हा मान मऊ, पुसट झाली होती आणि साखर उंबरठ्याच्या अलीकडे. क्रीम मी एकच दिलं होतं, तेही त्या लावायला विसरत. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. बारीक अंगाच्या, साठीपुढच्या बाईला थोड्या आठवड्यांत असा जाड काळेपणा आला आणि वजनही घटत असेल, तर पोटातल्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते.

चामखिळी घोड्याच्या शेपटीच्या केसाने बांधून पाडायचा उद्योग कृपा करून करू नका. काखेत त्या पिकतात. दवाखान्यात भूल देऊन त्या काही मिनिटांत काढता येतात.

केस काढायचे कसे? तुमच्या वयाला आणि तुमच्या विरळ केसांना माझं एकच मत आहे : छोटा इलेक्ट्रिक ट्रिमर. कातडीला ओरखडा नाही, ओढाताण नाही, जखम नाही. वॅक्समध्ये कातडी ओढली जाते आणि पाळी गेल्यानंतर ती आधीच पातळ व सैल झालेली असते. पार्लरमधल्या गरम वॅक्सने सोललेल्या काखा मी दर उन्हाळ्यात बघते. रेझर चालतो, पण नवं पातं, ओली कातडी, केसांच्या दिशेने. रेझरने केस जाड येतात हे खरं नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते खरखरीत लागतं, एवढंच. केस काढायची क्रीम काखेत मी सांगत नाही, ती रासायनिक आहेत आणि घामाच्या जागी भाजतात. हनुवटीचे दोन-चार केस मुळाशी कापा. चिमट्याने सारखे उपटून तिथे काळे ठिपके आणि आत वळलेले केस होतात. आणि ज्यांच्या काखेतल्या गाठी शस्त्रक्रियेत काढल्या आहेत, त्यांनी त्या बाजूला रेझर अजिबात वापरू नये. तिथे बधिरपणा असतो, काप लागला तरी कळत नाही आणि हाताला सूज येऊ शकते.

लेझरचं पॅकेज? घेऊ नका. कारणं सांगते. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगाला शोधतो आणि त्या उष्णतेने मूळ जाळतो. पांढऱ्या केसावर तो काही करत नाही, आणि या वयात काही केस पांढरे झालेले असतात. तुमचे तर आधीच जात आले आहेत. दुसरं, तुमची कातडी सध्या केसांइतकीच काळी आहे, मग प्रकाश कातडीच पकडतो आणि भाजतो. आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा लाँग पल्स एनडी-याग हा लेझर तुलनेने सुरक्षित, पण तोही हाताळणाऱ्याला कळायला हवा. तिसरं, सहा ते आठ बैठका, प्रत्येकीत चार ते सहा आठवड्यांचं अंतर, म्हणजे पाच ते दहा महिने, तोवर लग्न होऊन गेलेलं असेल. हनुवटीचे काळे, राठ केस फार त्रास देत असतील तर त्यासाठी लेझरचा विचार करता येईल, तोही लग्नानंतर, त्वचारोगतज्ज्ञाकडे, आणि ‘कायमचे जातात’ असं न समजता. चेहऱ्यावर कधी कधी लेझरने उलट लव वाढतेही.

वासाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण या वयात अचानक अंगातून वाफा निघतात आणि लोकलमध्ये घामाने ब्लाउज भिजतो, तेव्हा ती भीती मनात असतेच. घामाला स्वतःला वास नसतो, काखेतले जंतू तो बनवतात. घाम रोखणारा रोल-ऑन, बिनसुगंधाचा, रात्री झोपताना कोरड्या काखेला लावा. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार रात्री घाम कमी असताना नीट बसतात. त्याने स्तनाचा कर्करोग होतो याला पुरावा नाही. पावडर थापू नका, घामात तिचे गोळे होऊन कातडी सोलते. तुरटी केस काढलेल्या दिवशी नको, एरवी चालेल.

सैल कातडीवर क्रीमने काही होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. मात्र काखेच्या पुढच्या बाजूला मऊ फुगवटा असेल आणि तो पाळीच्या दिवसांत किंवा बाळंतपणात दुखायचा, असं आठवत असेल, तर ते स्तनाचंच थोडं ऊतक काखेपर्यंत आलेलं असतं. काही बायकांत असतं. स्तनाची तपासणी करताना तेही तपासायचं असतं.

आणि तपासणीचा विषय निघालाच आहे. महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी, काख बोटांनी चाचपा. हात वर करून नाही. हात वर केला की स्नायू ताणले जातात आणि गाठ लपते. हात सैल खाली सोडा, दुसऱ्या हाताची बोटं काखेत वरपर्यंत घाला आणि बरगड्यांवर दाबत खाली आणा. दुखरी, लाल गाठ बहुधा काखमांजरी असते. ती पिळू नका. एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल, व्रण राहत असतील, तर तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळे उपचार आहेत. न दुखणारी, कडक, दोन-तीन आठवडे टिकलेली गाठ मात्र कितीही लहान असो, त्याच आठवड्यात दाखवा. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून आपल्याच मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक बायकांवर एक मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासत होत्या. २०२१ मध्ये निकाल आले : पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नव्हतं, शिकलेले हात होते. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करायला जाल त्या दिवशी काखेला रोल-ऑन किंवा पावडर लावू नका. त्यातले कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगीच धावाधाव होते.

आता तुमचं डिसेंबर. हातात तीन महिने आहेत, आणि ते पुरेसे आहेत. पहिले दोन आठवडे काहीही लावायचं नाही : डिओ बंद, घासणं बंद, साधा साबणही फक्त घामाच्या दिवशी, वर बिनसुगंधाचं मॉइश्चरायझर. घरात आणि प्रवासात सुती ब्लाउज. त्याच काळात रक्ताच्या तपासण्या. नंतर, दिव्याखाली बघून संसर्ग नाही याची खात्री झाली की काळेपणा फिका करणारं ॲझेलाइक ॲसिडचं क्रीम रात्री, आधी एक दिवसाआड, चुरचुर नसेल तर रोज. साखर वाढलेली निघाली तर त्याचे उपचार सोबत. डिसेंबरपर्यंत काख गोरी होणार नाही, तशी मी कुणालाच खात्री देत नाही. ती दोन छटा उजळेल आणि मऊ होईल. लग्नाच्या आदल्या महिन्यात काहीही नवं लावू नका, पार्लरमधलं ‘ब्राइडल मदर’ पॅकेज तर नाहीच.

स्लीव्हलेस शिवायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण ‘या वयात’ म्हणून नको म्हणू नका. लेकीला आई तशी बघायची आहे, हे मला फार आवडलं. शिंप्याला मुंढा अर्धा इंच सैल ठेवायला सांगा आणि आतून सुती अस्तर लावून घ्या. शिवून आला की एकदा पाण्यातून काढा.

माझ्याकडे येणं जमलं नाही तर घराजवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ऑफिस फोर्टला आहे, तर वाटेत सायन रुग्णालयासाठी किंवा परळच्या केईएम रुग्णालयासाठी उतरून केसपेपर काढलात तरी चालेल, तिथल्या त्वचा विभागात हे रोज बघतात. जाताना काखेला काहीही लावू नका, त्या आठवड्यात केसही काढू नका. आणि आजवर लावलेलं सगळं, डिओ, ट्यूब, डबी, अर्धी संपलेली असली तरी, एका पिशवीत घालून घेऊन जा.